लांबी माफ, भूक नाही: ‘अ‍ॅनाकोंडा’तील सापाविषयी

लुईस लोसा दिग्दर्शित ‘अ‍ॅनाकोंडा’ (१९९७) हा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला, तो कथेसाठी नव्हे, तर त्यातला साप खऱ्या सापाशी कितपत जुळतो हे तपासण्यासाठी. अ‍ॅमेझॉनच्या पात्रात माहितीपट चित्रित करायला निघालेला चमू, त्यांच्या बोटीवर चढलेला जॉन व्हॉइटचा लबाड साप-शिकारी आणि एकेकाला टिपणारा अजस्र साप, एवढाच त्याचा ऐवज आहे.

आरंभीच्या मजकुरात अ‍ॅनाकोंडा ४० फुटांपर्यंत वाढतो असे सांगितले जाते. प्रत्यक्षात हिरव्या अ‍ॅनाकोंडाची २० फुटांची मादीसुद्धा दुर्मीळच. वजनात मात्र आजच्या सापांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. तरीही लांबीची ही अतिशयोक्ती मी माफ करतो, कारण निसर्गाने तेवढे साप खरोखरच घडवले होते. कोलंबियातील सेरेहोन येथील कोळसा खाणीत जीवाश्मरूपाने सापडलेला टायटॅनोबोआ सुमारे १३ मीटर लांब असावा, असा अंदाज २००९ साली मांडला गेला. कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइट खाणीतल्या ‘वासुकी इंडिकस’चा २०२४ साली वर्तवलेला अंदाज ११ ते १५ मीटरांचा आहे.

माफ करता येत नाही ती त्याची भूक. त्याच मजकुरात पुढे असा दावा आहे की अ‍ॅनाकोंडाचे एका भक्ष्याने समाधान होत नाही, म्हणून पुन्हा मारून खाता यावे यासाठी तो गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो. हे वास्तवाच्या नेमके उलट आहे. भक्ष्य गिळल्यावर जड झालेल्या सापाला कोणी डिवचले, तर हलके होऊन पळता यावे म्हणून तो ते ओकतो. म्हणजे त्याच्या भित्रेपणाला चित्रपटाने हावरेपणाचे रूप दिले आहे. मोठे भक्ष्य मिळाले की अ‍ॅनाकोंडा कित्येक आठवडे काही न खाता राहू शकतो, आणि इथे मात्र तो एकामागून एक माणसे फस्त करत बोटीचा पाठलाग करतो, जणू आपल्याकडच्या गोष्टींतल्या नागासारखा त्याने डूख धरला आहे. (साप डूख धरतो, हीसुद्धा भाकडकथाच.)

धबधब्यावरून उडी मारणाऱ्या माणसाला साप हवेतच झेलतो, तो प्रसंग पाहताना मला हसू आवरले नाही, कारण पाण्यात चपळ असणारा हा प्राणी जमिनीवर आपल्याच वजनाने मंदावतो. त्याच्या किंकाळ्यांबद्दल काय बोलावे? सापाला स्वरतंतू नसतात. तो फूत्कारतो, एवढेच. ओकून टाकलेला शिकारी शेवटी डोळा मिचकावतो, हा तर कळसच आहे, कारण विळख्याच्या दाबाने काही क्षणांतच रक्ताभिसरण खुंटते आणि माणूस तेव्हाच शुद्ध हरपतो.

जमेची बाजूही आहे. विळखा टप्प्याटप्प्याने आवळला जातो आणि सापाचा वावर मुख्यतः पाण्याच्या आसऱ्याने दाखवला आहे, हे बरोबरच आहे. यांत्रिक सापाच्या दृश्यांत त्याचे वजन जाणवते. संगणकावर घडवलेला साप मात्र रबरी पाइपसारखा लवचिक आणि तेवढाच निर्जीव वाटतो.

या चित्रपटाचा २००४ सालचा पुढचा भाग बोर्निओत घडतो, जिथे अ‍ॅनाकोंडा आढळतच नाही. जाळीदार अजगर, म्हणजे जगातला सर्वांत लांब साप, मात्र तिथल्या जंगलात आहे, आणि शेजारच्या सुलावेसी बेटावर २०१७ साली त्यानेच एका माणसाला गिळले होते. योग्य साप हाताशी असताना निर्मात्यांनी दुसऱ्याच खंडातला साप तिथे नेऊन सोडला.