ई-६-बी : दूरच्या उड्डाणासाठी हाताने फिरवायचे गणकयंत्र घ्यावे काय?

विमान नेमके कोठे आहे हे टॅबलेटवरील नकाशा क्षणोक्षणी दाखवत असताना ॲल्युमिनियमच्या फिरत्या चकत्यांचे ई-६-बी गणकयंत्र विकत घ्यावे काय, असा प्रश्न खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकणाऱ्यांना पडतो. ते जरूर घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र त्याच्या दोन बाजूंपैकी एकीसाठीच.

अमेरिकी नौदलाच्या राखीव दलातील वैमानिक फिलिप डाल्टन यांनी १९३० च्या दशकात हे यंत्र सिद्ध केले. १९४१ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हापासून यंत्राची रचना फारशी बदललेली नाही. पुढच्या बाजूस वर्तुळाकार मोजपट्टी असून तिच्यावर वेळ, अंतर, वेग आणि इंधन यांचे गुणाकार-भागाकार होतात. ही बाजू मला कमी उपयोगाची वाटते. मोजपट्टी दशांश चिन्ह दाखवत नाही, त्यामुळे उत्तर ५ लिटर की ५० लिटर हे आपणच ठरवावे लागते, आणि हेच काम मोबाइलमधील साधे गणकयंत्र निमूटपणे करते. तिचा एक उपयोग मात्र मान्य केला पाहिजे. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. मे महिन्यात ४० अंश तापमान असता तेथील हवेची घनता जवळजवळ ५,३०० फुटांवरील हवेइतकी होते. हवा विरळ तितकी धावपट्टी जास्त लागते; ती किती लागेल हे पाहण्याआधी हा आकडा चकतीवर काढला की दुपारी निघण्याचा उत्साह आपोआप कमी होतो.

खरा माल मागच्या, म्हणजे वाऱ्याच्या बाजूस आहे. तेथे फिरती पारदर्शक चकती असून तिच्याखाली वेगाच्या कमानी छापलेली सरकती पट्टी असते. इंदूर ते वडोदरा हे अंतर सरळ रेषेत सुमारे १४५ सागरी मैल असून दिशा, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास, साधारण २६१ अंश येते. वारा ३०० अंशांकडून २० नॉट (ताशी २० सागरी मैल) वेगाने वाहतो आणि विमानाचा हवेतील वेग १०५ नॉट आहे, असे समजू. चकती ३०० वर आणून मध्यबिंदूच्या वर २० नॉटांवर पेन्सिलीने खूण करावी, चकती २६१ वर फिरवावी आणि खूण १०५ च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवावी. मध्यबिंदूखाली जमिनीवरील वेग ८९ नॉटांच्या आसपास दिसतो आणि खूण उजवीकडे सात अंश सरकलेली दिसते, म्हणजे विमानाचे नाक २६८ वर ठेवावयाचे. आपल्या भागात चुंबकीय विचलन, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतील फरक, जवळजवळ नगण्य असल्याने होकायंत्रावरही, त्याचा स्वतःचा दोष सोडला तर, तोच आकडा धरता येतो. वारा नसता ८३ मिनिटे लागली असती, ती आता ९८ होतात; ताशी ३२ लिटर इंधन जाळणाऱ्या विमानास आठ लिटर जास्त लागतात.

ही पंधरा मिनिटे क्षुल्लक नाहीत. भारतात दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत, होणारे उड्डाण सामान्यतः सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे करता येत नाही. फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलेला प्रवासाचा वेळही याच हिशेबातून आलेला असतो. टॅबलेटदेखील हे उत्तर देतो, किंबहुना अधिक अचूक देतो, पण वारा कोठून येऊन विमानास कोठे ढकलतो हे त्या उत्तरात दिसत नाही. चकतीवर ती खूण डोळ्यांसमोर उजवीकडे सरकते, आणि पुढे हवेत धार शहर डाव्या हातास तीनेक मैलांवर न दिसता भलतीकडेच दिसले तर शंका वाऱ्यावर घ्यावी की होकायंत्रावर, हे लवकर कळते. धारपर्यंतचे सुमारे २८ सागरी मैल कापण्यास २० मिनिटे लागली तर वेग ८४ नॉट पडतो. मात्र यात चढाईचा संथ काळ मिसळलेला असल्याने पुढील खुणेवर पुन्हा मोजावे. वडोदरा जवळ येताना उजवीकडे सुमारे पाच मैलांवर पावागडचा डोंगर येतो. ही खूण चुकणे कठीण, तरी पावसाळ्यापूर्वीच्या धुरकट हवेत तिच्यावरही भरवसा टाकू नये.

आता दोष. माझ्याकडील यंत्राची पट्टी सुरुवातीस इतकी घट्ट होती की एका हाताने ती हलत नसे, आणि दुसरा हात तर विमानास हवा असतो. उन्हात उभ्या विमानात धातू तापतो, हे मध्य भारतातील वापरणाऱ्याने गृहीत धरावे. आकडे बारीक आहेत. चाळिशीचा चष्मा असलेल्यांनी खिशात मावणारा लहान आकार घेऊच नये. पुठ्ठ्याचे यंत्र स्वस्त पडते, पण घामट हातात त्याच्या कडा फुगतात आणि चकती अडखळू लागते. बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र वेगवान असले, तरी टॅबलेट असताना त्यावर वेगळा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

इंदूरच्या खजुरी बाजारात पुस्तकांपासून स्टेशनरीपर्यंत सगळे मिळते, परंतु हे यंत्र मला तेथे मिळाले नाही. ते ऑनलाइन मागवावे लागले. मागवताना मोठ्या आकाराचे, धातूचे, आणि मागील चकती खरखरीत असलेले निवडावे, कारण गुळगुळीत चकतीवर पेन्सिल उमटत नाही आणि शाईची खूण पुढच्या टप्प्याआधी पुसली जात नाही.