छोटा व्हीपीएन राउटर: उन्हाळा काढला, पण होस्ट कीमध्ये घोळ

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आणि चाटी गल्लीतलं दुकान जोडायला हिवाळ्यात एकाच मॉडेलचे दोन राउटर घेतले. आधी चांगलं सांगतो. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, हवेत सुताचा भुस्सा, त्यात लाईटचा खेळ. तरी गडी एकदाही हँग झाला नाही. लाईट आली की व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन्ही जागा जोडणारी खाजगी वाट) आपोआप जोडलं जातं, दुकानातून टॅली बिनघोर चालतं. वायफाय यथातथाच.

आता तक्रार. दुकानातल्या राउटरला लॅपटॉपवरून एसएसएच केलं (लांबून सुरक्षित लॉगिन), तर त्याचा प्रोग्राम ओपनएसएसएच म्हणतं, ही होस्ट की (राउटरची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) दुसऱ्या पत्त्यावर आधीच ओळखीची आहे. तो पत्ता कारखान्यातल्या राउटरचा! दोन्हींचे फिंगरप्रिंट (कीची छोटी खूण) ताडून पाहिले, अक्षर न् अक्षर सारखं. फॅक्टरी रिसेट मारला, तीच की परत. म्हणजे डबा स्वतःची की बनवतच नाही, ती फर्मवेअरमध्येच (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच) भरून येते. हेच मॉडेल घेऊन फर्मवेअर उघडणाऱ्या कोणालाही आमची प्रायव्हेट की (होस्ट कीचा गुप्त भाग) आयती मिळते. तो मधे बसून राउटरचं सोंग आणेल, लॅपटॉप चकार शब्द काढणार नाही आणि पासवर्ड त्याच्या खिशात. जुनी रेकॉर्ड केलेली सेशन्स तेवढी या कीने उघडत नाहीत.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, 'अपडेट करा.' केलं. व्हर्जन बदललं, की तीच.

अपडेटने कच्ची की पक्की होत नाही, हे डेबियन या लिनक्स सिस्टिमवाल्यांनी भोगलंय. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधून, की बनवायला लागणाऱ्या रँडम आकड्यांसाठीचा कोड चुकून काढला गेला. बदलतं असं उरलं काय, तर प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक). जेमतेम ३२ हजार शक्यता! मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी ते उघडकीला आणलं. पॅकेज लगेच दुरुस्त झालं, पण आधी बनलेल्या की कच्च्याच. लोकांना त्या शोधून फेकाव्या लागल्या.

आम्हीही तेच केलं. प्रत्येक राउटरसाठी लॅपटॉपवर वेगळी की बनवून आत टाकली, ॲडमिन पेजचं सर्टिफिकेटही बदललं (तेही दोन्हीकडे एकच निघालं). वायरगार्डच्या (आमचं व्हीपीएन ज्यावर चालतं त्याच्या) की माझ्याच होत्या, त्या वाचल्या. पण फर्मवेअर अपडेट झालं की जुनी की परत ठाण मांडते, मग पुन्हा तोच उद्योग. दुकानदार माणूस हे करत बसणार आहे होय?

मजबुतीला पाचपैकी चार, सुरक्षेला शून्य. परत घेण्याची मुदत केव्हाच टळली, त्यामुळे आता एसएसएच फक्त वायरगार्डच्या आतूनच चालू ठेवलंय.