खाऱ्या पाण्याच्या टाकीत लायनफिश: मोठा व्होलिटान्स की बुटका फझी?

दुकानात बोटभर व्होलिटान्स (विषारी काट्यांच्या लायनफिश माशाची मोठी जात) दिसला की चार फुटी टाकीत तो आरामात राहील असं वाटतं. राहत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो फुटाच्या आसपास पोचतो, पर पसरल्यावर त्याहून मोठा दिसतो, आणि मग साडेचारशे लिटरची टाकीही त्याला जेमतेम पुरते. फझी ड्वार्फ (लायनफिशचीच बुटकी जात) सहा-सात इंचांवर थांबतो. दोनशे लिटरमध्ये त्याचं नीट चालतं.

शोभा म्हणाल तर व्होलिटान्सला तोड नाही. एकदा रुळला की दिवसाढवळ्या मधोमध तरंगतो. फझी मात्र दिवसभर दगडाच्या कपारीला उलटा चिकटून बसतो, हे आधीच माहीत असू द्या.

खाण्यात व्होलिटान्स सोपा, फ्रोजन कोळंबीवर लवकर येतो. फझीला सुरुवातीला जिवंत कोळंबी लागते. मग लांब चिमट्यात मेलेली कोळंबी धरून हळूहळू हलवायची. तो पर फाकवून सरकत येतो, क्षणभर थांबतो, आणि कोळंबी गायब! टाकीतल्या शोभेच्या कोळंब्या दोघांसोबतही टिकत नाहीत. व्होलिटान्सच्या तोंडात मावेल असा क्लाऊनफिशही गेलाच समजा.

विषाच्या बाबतीत बुटका म्हणून गाफील राहू नका. दोघांच्याही पाठीवर 13, पोटाखाली 2 आणि शेपटीकडे 3 विषारी काटे असतात. टोचलं तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त 45 अंश, अर्धा ते दीड तास ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचंच. घरात लहान मुलं असतील तर झाकण कुलूपबंद हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी टाकीला न मावणाऱ्या व्होलिटान्सची वाटते. लायनफिश मुळात अमेरिकेकडचा नाही, पण फ्लोरिडात 1985 साली डेनिया गावाजवळ पहिला सापडला. हौशी लोकांनी समुद्रात सोडलेल्या माशांपासूनच तिथला फैलाव सुरू झाला असं मानलं जातं. एक मादी वर्षाला 20 लाखांपर्यंत अंडी घालते, तिथे त्यांना खाणारं फारसं कोणी नाही, आणि आज कॅरिबियनभर प्रवाळांतली लहान मासळी ते फस्त करताहेत. लायनफिश आपल्या समुद्रातला असला तरी टाकीतला मासा खाडीत सोडू नका. त्याच्यासोबत रोगही जातात.

सहा फुटी टाकी आणि दमदार स्किमर (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं यंत्र) आधीच असेल तरच व्होलिटान्स. बाकी सगळ्यांना मी फझीच सांगेन. पैसे देण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. तोंड फिरवणारा मासा उचलू नका.