वन-मॅन टेंट: दिवाळीत घेतला, थारची वाळू आणि भोरचा पाऊस दाखवून झाला

पुण्यात टेंट घ्यायला गेलात की दुकानदार पहिल्यांदा वॉटरप्रूफचा आकडा सांगतो. ३००० एमएम (म्हणजे कापड तीन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं), शिवणींवर टेप, थेंब आत येणार नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्याला तेच ऐकायचं असतं. मी हा टेंट घेतला तो जानेवारीच्या शेवटी एकट्याने जैसलमेरकडे जाऊन टेकड्यांचे आणि रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे म्हणून. तिथे त्या आकड्याला काडीची किंमत नव्हती.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बरेचसे टेंट साधारण असेच असतात: आत जाळीचा कप्पा, त्यावर पातळ फ्लाय (पाऊस अडवणारं बाहेरचं आवरण), दोन ॲल्युमिनियमचे पोल, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. सगळी गोम त्या जाळीत आहे.

वाळू म्हटलं की आपल्याला बांधकामाची वाळू आठवते. थारच्या टेकड्यांवरची वाळू तिच्यापुढे पीठच. कण पाव मिलिमीटरचा किंवा त्याहून बारीक. फ्लाय जमिनीपासून वीतभर वर असते, वारा तिथून शिरतो आणि वाळू जाळीतून आरामात आत येते. डासाला अडवणारी जाळी वाळूला अडवत नाही. सकाळी उठलो की स्लीपिंग बॅगवर पिवळसर थर, कानात वाळू, दातांखाली कचकच. हे चालवून घेता येतं. पण फोटो काढणाऱ्यासाठी टेंट म्हणजे उघड्या रानात लेन्स बदलायची एकमेव झाकलेली जागा, आणि इथे तीच हातची गेली. मग मी लेन्स बदलणंच बंद केलं. संध्याकाळी गावात, खोलीचं दार लावून २० एमएमची रुंद कोनाची लेन्स चढवायची आणि दुसऱ्या दिवशी परत खोलीत आल्यावरच काढायची.

मुक्काम खुडी गावाच्या बाहेर होता, जैसलमेरच्या नैऋत्येला. सीमेकडचा पट्टा आणि ३१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क, दोन्हीकडे मनाला येईल तिथे टेंट ठोकता येत नाही, म्हणून एका ढाणीतल्या (वस्तीतल्या) काकांना विचारून त्यांच्याच जमिनीवर राहिलो. टेकडीच्या आडोशाला जागा हेरली होती, तर त्यांनी हसून मान हलवली. वारा जिथे पडतो तिथेच वाळू टाकतो, म्हणाले. सकाळपर्यंत निम्मा टेंट बुजेल. दोन टेकड्यांमधल्या सपाट, सेवण गवताच्या जमिनीवर त्यांनी तो लावायला लावला, अरुंद बाजू वाऱ्याकडे करून.

सोबत मिळणारे पेग, म्हणजे टेंट रोवायच्या खुंट्या, तिथे बिनकामाचे. मऊ वाळूत ते दोन बोटांनी उपटून येतात. त्याऐवजी भाजीच्या कापडी पिशव्या न्यायच्या, वाळूने भरायच्या, ताणदोरी बांधायची आणि हातभर खोल आडव्या पुरायच्या. ही युक्ती मात्र जबरदस्त चालली. रात्री एक मोकळा उंट दोरीला अडखळून गेला, तरी पिशवी जागची हलली नाही. (मी हललो.)

ट्रायपॉडलाही तोच न्याय. २० एमएमला २५ सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं तर पाय आधीच दाबून खोल रोवावे लागतात, नाहीतर मधेच एक पाय खचतो आणि मृगातल्या सगळ्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. आणखी एक, ज्यांना निखळ अंधार हवा आहे त्यांच्यासाठी: जैसलमेरच्या परिसरात पवनचक्क्या इतक्या आहेत की क्षितिजावर लाल दिवे लुकलुकत राहतात. जागा ठरवण्याआधी चारही दिशा बघून घ्या.

टेंटची खरी शाबासकी उंचीला. त्या दिवसांत तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि उगवायला साडेसात होतात. म्हणजे तेरा तासांची रात्र, गारठा असा की बाहेर बसवत नाही. या टेंटमध्ये मांडी घालून ताठ बसता येतं, डोकं छताला लागत नाही. बॅटऱ्या उबेला स्लीपिंग बॅगमध्ये आणि आपण बसून दिवसभराचे फोटो निवडतोय, हे सुख आडवं पडण्यापुरत्या टेंटमध्ये नाही.

चेन हा पुढचा विषय. फुरसं आपल्या कोकणासारखं तिथेही आहे, त्यामुळे चेन सतत बंद ठेवायची, म्हणजे ती सतत उघडायची-लावायचीही. वाळू रनरमध्ये अडकून तो घासत जातो. तेल अजिबात लावू नका, वाळू त्यालाच चिकटते. जुन्या टूथब्रशने झाडून कोरडी मेणबत्ती फिरवायची. तरी एक रनर परत आल्यावर बदलावाच लागला. पोलच्या सांध्यांमधूनही करकर आवाज येत होता. सुटे करून पुसले तेव्हा थांबला.

पुण्यात आल्यावर बोहरी आळीतून पातळ रिपस्टॉप (सहजी न फाटणारं) कापड आणलं आणि बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडून जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर आतून पडदा लावून घेतला, वेल्क्रोचा. खर्च किरकोळ, वजनही जाणवत नाही. काकांनी टेंट उलटासुलटा करून एकच प्रश्न विचारला, "यात झोपायचंय की कबुतरं ठेवायचीत?"

हा पडदा वेल्क्रोचाच हवा, शिवून टाकू नका. कारण आपल्याकडे नेमकी उलटी अडचण. मार्चमध्ये पवनेकाठी पडदा लावून झोपलो तर पहाटे फ्लाय आतून एवढी घामेजली होती की कॅमेऱ्याच्या बॅगेवर थेंब पडत होते. पडदा काढला, दोन्ही टोकांची हवेची झाकणं उघडली, तेव्हा फरक पडला. थारच्या कोरड्या हवेत हा त्रास जवळजवळ नव्हता. रायरेश्वरच्या पठारावर वळवाच्या पावसाने झोडपलं तेव्हा मात्र तो ३००० एमएमचा आकडा खरा निघाला. टेंट आतून कोरडा, फक्त नायलॉन भिजून सैल पडलं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागल्या. पॉलिस्टरच्या फ्लायला हा त्रास कमी होतो, पुढच्या खरेदीत तेच बघणार.

तर फक्त मावळ, भोर, मुळशी करणार असाल तर डोळे झाकून घ्या. थारला नेणार असाल तर आतला कप्पा अर्धा कापडी असलेला टेंट शोधा, थोडा जड असला तरी. तसा मिळाला नाही तर हाच घ्या आणि निघण्याआधी शिंप्याकडे जा. एक वापरकर्ता म्हणून माझे गुण पाचपैकी साडेतीन; सोबतच्या पेगना शून्य.