कथालेखनात आधी काय शिकावे: संवाद, निवेदन की बांधणी?

नोकरी आणि घर सांभाळून कथा लिहिणाऱ्याच्या हाती आठवड्याला चार-पाच तास आले तरी पुष्कळ झाले. शिकण्याच्या गोष्टी मात्र अनेक असतात: कथानक, पात्रे, संवाद, निवेदन, वर्णन, पुनर्लेखन. त्या सगळ्या एकदम शिकायला घेतल्या की कथा अर्धवट राहतात आणि आपल्याला नेमके काय जमत नाही, हेही कळत नाही. म्हणून इथे लेखनाच्या तीन टप्प्यांवर प्रत्येकी दोन पर्याय समोरासमोर ठेवले आहेत. निवडीसाठी मी एकच कसोटी वापरतो. ज्या कौशल्यातील चूक आपली आपल्याला कागदावर दिसू शकते, ते आधी शिकावे, कारण दिसलेली चूकच दुरुस्त करता येते आणि हात बसतो तो दुरुस्तीमुळे.

पहिल्या आठ-दहा कथा: संवाद की कथानक?

नवा लेखक बहुधा कथानकाकडे वळतो आणि त्याला तसे कारणही आहे. कथेचे तंत्र आधी आत्मसात करावे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले आणि ललित लेखन हे शिकता येण्याजोगे तंत्र आहे, ही भूमिका त्याने ठामपणे मांडली. पुढे १९४५च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने घटनांच्या गुंफणीपेक्षा माणसाच्या मनात काय घडते याला महत्त्व दिले. या दोन्ही भूमिकांना आपापले बळ आहे. शिकणाऱ्याची अडचण मात्र वेगळी असते. कथानक कुठे सैल पडले हे ओळखण्यासाठी पुष्कळ कथा पूर्ण लिहिलेल्या असाव्या लागतात, आणि नवशिक्याजवळ त्याच नसतात.

संवादाचे तसे नाही. खोटे बोलणे ओळखणारा कान प्रत्येकाला लहानपणापासून मिळालेला असतो. लिहिलेले वाक्य मोठ्याने वाचले की ते माणसाच्या तोंडचे आहे की शासकीय परिपत्रकातले, हे लगेच समजते. शिवाय मराठीत संबोधनच निम्मे काम करते. वीस वर्षे नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई भांडणाच्या भरात एकदाच ‘तू’ म्हणाली, तर पुढचा परिच्छेदभर स्पष्टीकरण लिहिण्याची गरज उरत नाही. सासूला ‘अहो आई’ म्हणणारी सून आणि ‘ए आई’ म्हणणारी सून ही दोन वेगळी घरे आहेत. पात्राच्या तोंडी ‘केले’ऐवजी ‘केलं’ लिहिण्याची मुभा प्रमाणलेखनाच्या नियमांतही आहे. तरीही अनेक नवे लेखक शाळेतल्या निबंधाच्या भीतीने पात्रांना पुस्तकी बोलायला लावतात, हे वाचताना मला मनापासून वाईट वाटते, कारण तेच लेखक प्रत्यक्षात उत्तम गप्पा मारत असतात.

म्हणून या टप्प्यावर मी नि:शंकपणे संवादाच्या बाजूने आहे. दीड-दोन हजार शब्दांत संपणारी, दोन माणसांची, एका जागी घडणारी कथा लिहावी आणि ती पूर्ण करावी. कथानकाची समज अशा पूर्ण केलेल्या कथांमधून हळूहळू येते.

त्यानंतरचा टप्पा: निवेदन की शैली?

संवाद जमू लागले की लेखकाला आपली भाषा सजवण्याचा मोह होतो. शैली शिकण्यात गैर काही नाही, पण वरची कसोटी लावली तर ती मागे पडते. स्वतःचे अलंकारिक वाक्य स्वतःला सुंदरच वाटते आणि त्यातला फुलोरा दिसायला बहुधा काही वर्षे जावी लागतात. निवेदनातली चूक मात्र आपल्या भाषेत थेट क्रियापदाच्या शेवटाला दिसते. हा मराठीचा मोठा फायदा आहे आणि त्याचा पुरेसा उपयोग केला जात नाही.

प्रथमपुरुषी निवेदनाचे उदाहरण घेऊ. ‘मी निघालो’ किंवा ‘मी निघाले’ असे लिहिताच निवेदकाचे लिंग ठरते. ‘मी पत्र वाचले’ या वाक्यात मात्र ते झाकलेले राहते. कोल्हापूरकडच्या अनेक बायका स्वतःबद्दल ‘आलो’, ‘जातो’ असे म्हणतात, त्यामुळे तिथली निवेदक उभी करताना एका प्रत्ययात गाव आणि वळण दोन्ही येतात. तृतीयपुरुषी निवेदनात तर आणखी बारकावे आहेत. ‘आबा ओसरीवर येऊन बसले’ असे लिहिले की सांगणारा त्या घरातला, आबांहून लहान आणि त्यांचा धाक मानणारा आहे असे वाचक धरून चालतो. ‘आबा ओसरीवर येऊन बसला’ म्हटले की सांगणारा बरोबरीचा होतो किंवा दूर उभा राहतो. आता नातवाच्या नजरेने चाललेल्या कथेत मध्येच ‘आबा आतून घाबरला होता, पण त्याने ते दाखवले नाही’ असे वाक्य आले, तर दोन चुका एकदम होतात. आदरार्थी रूप सुटते आणि दाखवलीच न गेलेली भीती नातवाला कशी समजली, याचेही उत्तर मिळत नाही. लिहून झालेल्या कथेतले प्रत्येक ‘तो’, ‘ते’, ‘त्याने’, ‘त्यांनी’ पेन्सिलीने अधोरेखित केले, तर अशा घसरलेल्या जागा तासाभरात सापडतात.

निवेदक निवडणे म्हणजे कादंबरीचा आशयच निवडणे, हे पाहायचे असेल तर दोन परस्परविरुद्ध उदाहरणे उपयोगी पडतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळे कोणाही एकाचे म्हणणे अंतिम ठरत नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) शेतावर राबणारा नारबा एकटाच बोलतो, आणि संवादांबरोबर निवेदनही त्याच्या बोलीत आहे. बोलीत निवेदन करणे आकर्षक वाटते, पण ज्या बोलीत आपण भांडू शकत नाही तिच्यात दोनशे पाने सांगण्याचे धाडस करू नये, असे माझे मत आहे. तोवर बोली संवादांपुरती ठेवणे बरे.

शैली या टप्प्यावर वेगळी शिकावी लागत नाही. निवेदक नेमका ठरला की कोणते शब्द त्याच्या तोंडी शोभत नाहीत हे आपोआप समजते आणि अर्धी सजावट गळून पडते.

हात बसल्यावर: कादंबरीची बांधणी की पुनर्लेखन?

वीस-पंचवीस कथा झाल्या, त्यातल्या काही दिवाळी अंकांतून आल्या, की वरची कसोटी अपुरी पडू लागते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेने मराठी कथाकाराला शब्दमर्यादा आणि मुदत पाळायला शिकवले. पण दरवर्षी त्याच लांबीची कथा त्याच वेगाने लिहून सवय होते आणि सवयीतली चूक लिहिणाऱ्याला दिसत नाही.

बांधणी हे कादंबरीसाठी अटळ कौशल्य आहे. चाळिसाव्या पानावर काळाचा हिशेब चुकला तर तो दोनशेव्या पानावर उघड होतो, आणि तोवर वर्ष गेलेले असते. ज्याच्या मनात एखादा विषय कथेत मावत नाही म्हणून खरोखर अडून बसला आहे, त्याने बांधणीच घ्यावी. प्रकरणांचा तक्ता करावा, कोणत्या प्रकरणात किती दिवस जातात हे लिहून काढावे. ‘आता कादंबरी लिहायलाच हवी’ एवढ्याच कारणाने निघालेल्याला मात्र मी पुनर्लेखन सुचवेन.

पुनर्लेखन या टप्प्यावर एकट्याने साधत नाही. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी पत्रव्यवहार करत आणि आलेली कथा पुन्हा लिहायला लावत. इतका वेळ देणारा संपादक आज फार थोड्यांच्या वाट्याला येतो. त्याची जागा काही अंशी दोन चोखंदळ वाचक भरून काढू शकतात, फक्त त्यांना ‘कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. कथा वाचून झाल्यावर चार दिवसांनी ती त्यांना आठवेल तशी सांगायला लावावी. त्यांनी जो प्रसंग गाळला तो बहुधा कथेतही नको असतो, आणि जिथे त्यांनी स्वतःच्या मनाने कारण जोडले तिथे आपण ते लिहायचे राहिलेले असते.