तंबाखू सोडवताना: चार चौकोन की दहाची पट्टी?

"सोडायचीय हो, पण..." तंबाखूमुक्तीचं समुपदेशन बहुतेक वेळा इथेच अडतं. या 'पण'शी बोलायला आपल्याकडे दोन साधनं असतात: नफा-तोट्याचे चार चौकोन (खाण्याचे फायदे, खाण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे) आणि शून्य ते दहाची पट्टी, जिच्यावर माणूस सोडणं किती महत्त्वाचं वाटतं त्याचा आकडा सांगतो. दोन्ही कशी भरायची ते वाचणाऱ्यांना माहीत असेल. गर्दीच्या ओपीडीत हाताशी कोणतं ठेवावं, एवढंच इथे बघू.

चौकोनांची कल्पना जॅनिस आणि मान या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडली. निर्णय घेणाऱ्याला दोन्ही बाजू दिसाव्यात, हा तिचा हेतू, आणि त्यात वावगं काही नाही. माझं घोडं अडतं ते 'खाण्याचे फायदे' या चौकोनाशी. मिश्री लावणाऱ्या मावशींना तो विचारून बघा. लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, दाढ ठणकते, सकाळी कामाला हात लागत नाही. चौकोन काठोकाठ भरतो, आणि सगळं रोजच्या अनुभवातलं. तोट्यांच्या चौकोनात मात्र भिंतीवरच्या पोस्टरमधून उचललेलं "कॅन्सर होतो म्हणतात" आणि "पैसे जातात", बस. आता कागदावर मिश्रीचंच पारडं जड. ते बघून समुपदेशकाला राहवत नाही, तो समजावायला लागतो. तो समजावायला लागला की मावशी मिश्रीची बाजू आणखी जोरात मांडतात. माणूस जे स्वतःच्या तोंडाने बोलतो ते त्याला जास्त पटत जातं, आणि या कागदाने आपणच त्यांना नको ते बोलायला लावलेलं असतं.

प्रेरणात्मक मुलाखतीची, म्हणजे बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून काढून घेण्याची, पद्धत मांडणारे विल्यम मिलर यांनीही 2015 मध्ये गॅरी रोझ यांच्यासोबत हेच लिहिलं: मन दुविधेत असताना दोन्ही बाजू सारख्याच उकरल्या तर बदलाचा निश्चय ढिला पडण्याकडे कल असतो.

पट्टीत आकड्याला फारसं महत्त्व नाही, सगळी करामत पुढच्या प्रश्नात आहे. "सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं?" याला "पाच" उत्तर आलं, तर खालचा आकडा धरून विचारायचं: "दोन नाही म्हणालात, पाच म्हणालात. कशामुळे?" उत्तरात सोडण्याचीच कारणं येतात: नातू तोंडाला वास येतो म्हणून जवळ येत नाही, तिखट लागलं की तोंडाची आग होते. "आठ का नाही?" असं विचारलंत की सबबी सुरू. ही चूक सर्रास होते. कारण आलं की तेच त्यांच्या शब्दांत परत म्हणायचं आणि "अजून काय?" विचारून गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड.

मग दुसरी पट्टी: "ठरवलंत तर जमेल याची खात्री किती?" महत्त्व आठ आणि खात्री तीन, ही जोडी नेहमीची. इथे तंबाखूचे दुष्परिणाम सांगणं फुकट आहे, ते त्यांना पटलेलेच आहेत. "तीनचे पाच व्हायला काय लागेल?" असं विचारलं की खरी अडचण बाहेर येते. पुष्कळदा मागच्या खेपेला निकोटिनचं गम (तलफ भागवायला चघळायची औषधी गोळी) सुपारीसारखं भराभर चघळलेलं असतं, म्हणून उचकी आणि मळमळ. थोडं चावायचं, झणझणीत चव आली की गालात धरायचं, चव ओसरली की पुन्हा चावायचं. चहानंतर 15 मिनिटं थांबायचं. एवढं नीट दाखवलं तरी आकडा हलू शकतो.

पट्टीलाही खोड्या आहेत. डॉक्टरांचं मन राखायला लोक सरळ "दहा" सांगतात. वाद न घालता "दहा म्हणजे खूपच, असं काय झालं?" विचारा, मागे काही नसेल तर लगेच कळतं. "शून्य" म्हणणाऱ्याला "काय झालं तर दोन होईल?" एवढं विचारून सोडून द्यावं. आकड्यांत न रमणाऱ्या वयस्कर माणसांना "रुपयातले किती आणे?" चटकन समजतं. सोबत आलेली सून मध्येच आकडा सांगत असेल तर तिला थोडा वेळ बाहेर बसवा.

चौकोन टाकाऊ आहेत असं म्हणणं नाही. नातेवाइकाला किडनी द्यायची की नाही, अशा ठिकाणी आपण कुठेच झुकायचं नसतं. तिथे तेच योग्य. ज्याचं सोडायचं पक्कं झालंय त्याच्या बाबतीत 'सोडण्याचे तोटे' हा चौकोन अडचणींची तयार यादी देतो. तुमच्या कार्यक्रमाच्या फॉर्ममध्ये चौकोन भरणं सक्तीचं असेल, तर 'खाण्याचे फायदे' आधी आणि झटपट उरका, 'सोडण्याचे फायदे' शेवटी ठेवून तिथे रेंगाळा.

पट्टी वापरलीत तर केसपेपरवर नुसता आकडा लिहू नका. शेजारी नातवाचं कारणही त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि 1800-11-2356 हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, मोफत नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून द्या. पुढच्या खेपेला पाचचे तीन झालेले दिसले, तर बोलणं त्या ओळीपासूनच सुरू करता येतं.