दरवर्षीचा गेम की आठ वर्षांचा?
आमच्या वरूडकडच्या गावात पोरं संध्याकाळी पारावर जमली की हा वाद ठरलेला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या व्हिडिओ गेमचा नवा भाग २००५पासून दरवर्षी येतो, कारण तो बनवणारे वेगवेगळे स्टुडिओ पाळीपाळीनं काम करतात. सोयाबीनसारखं, हंगाम आला की पीक.

‘रेड डेड रिडेम्प्शन’ हा काउबॉयांचा गेम २०१०चा, दुसरा भाग थेट २०१८ला. रॉकस्टार या गेम बनवणाऱ्या कंपनीनं त्यात अख्खा मुलूख उभा केला. थंडीत घोड्याच्या नाकातून वाफ निघते, चिखलात पावलं उमटतात, वाटेवरच्या कुणालाही रामराम घालता येतो. अशा प्रत्येक बारकाव्याला ॲनिमेशन लागतं, आवाज लागतो, चाचण्या लागतात. संत्र्याच्या पहिल्या बहारासाठी चार-पाच वर्षं थांबतोच की आपण! मी अशाच गेमसाठी थांबेन. पीसीवर ‘रेड डेड’च्या दुसऱ्या भागाला १५० जीबी जागा लागते. आमच्याकडच्या नेटवर डाउनलोडला चार रात्री गेल्या.